चुलीतली राख गरम होती

माझ्या नावावर एकच पुस्तक आहे, आणि त्याला पुस्तक म्हणणं म्हणजे जरा चढवून सांगणं झालं. अठ्ठेचाळीस पानं, मध्ये दोन पिना, मुखपृष्ठावर डोंगराचं चित्र. चित्र काढणाऱ्याने डोंगर कधी पाहिला नसावा, कारण तो समोशासारखा दिसतो. आमच्या मूळ गावच्या शाळेचा अमृतमहोत्सव होता, तेव्हा तिथल्या मंडळींनी माझ्याकडून ते लिहून घेतलं. गाव अळणावरच्या पुढे, जंगल ओलांडून घाटमाथ्यावर. त्या शाळेत पाटी गिरवून पुढे बाई झालेली मी एकटीच. धारवाडात इतिहास-भूगोल शिकवते म्हणजे मला तो लिहिताही येणार, असं त्यांनी गृहीत धरलं. मीही धरलं.

त्याला तीस-बत्तीस वर्षं झाली. गेल्या एप्रिलमध्ये एका दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. साठीकडे झुकलेला, खांद्यावर घोंगडी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत माझं पुस्तक. पुस्तक कसलं, त्याची झेरॉक्स. तरी मी डोंगर लगेच ओळखला.

‘हे तुमीच लिवलंय न्हवं, बाई?’

मला किती आनंद झाला ते आता सांगायला लाज वाटते. मी त्यांना आत बोलावलं, पंखा लावला, चहा टाकला. आतून यजमान म्हणाले, ‘सही दे की त्यांना, पण शुद्धलेखन बघून दे.’ मी खरंच पेन शोधत होते.

ते आमच्या गावच्या वरच्या सड्यावरचे गवळी. सडा म्हणजे डोंगरावरचं सपाट कातळपठार. तिथे गवळ्यांची आठ-दहा घरं आहेत, म्हशी आहेत, कडेकडेने नाचणीचे तुकडे आहेत. मी लहान असताना तिथून आमच्या दुकानात लोणी यायचं. हे सगळं मला माहीत होतं. नव्हे, मीच ते छापलं होतं.

त्यांनी झेरॉक्सचं तेविसावं पान काढून माझ्यापुढे ठेवलं. दोन ओळींखाली लाल शाईने रेघ मारलेली होती. ‘सड्यावर दिसणारे गवळी हे मूळचे येथील नव्हेत. दसऱ्यानंतर ते बाहेरून येतात आणि पावसाळ्यापूर्वी निघून जातात.’

‘तुमीच लिवलंय?’ त्यांनी परत विचारलं.

मग सावकाश सगळं सांगितलं. सड्यावरची त्यांची जागा जंगलखात्याची. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना आता तिथला हक्क मिळू शकतो, पण तीन पिढ्यांचं वास्तव्य दाखवावं लागतं. त्यांच्याकडे कागद नाहीत. गावाबद्दलचा छापील कागद जगात एकच, माझा. तो कुणीतरी शोधून त्यांच्या आईच्या अर्जाच्या फाइलला लावला होता. तीन पिढ्या सोडा, ही माणसं वर्षभरसुद्धा इथे राहत नाहीत, असं एका शिकलेल्या बाईने लिहून ठेवलंय. पुढच्या मंगळवारी शेवटची सुनावणी होती. तिथे अर्ज फेटाळला गेला, तर आईचं घर, गोठा आणि नाचणीचा तुकडा सगळंच जाणार होतं.

चहा उतू गेला. आयुष्यभर मुलांच्या वहीवर मी लाल रेघा मारल्या. माझ्या ओळीखाली मारलेली ही पहिलीच.

‘अहो, पण तुम्ही बाहेरून यायचात ना?’ मी विचारलं. खरंच विचारलं. त्या क्षणीसुद्धा मला वाटत होतं की मी बरोबर असणार.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘आई म्हणती, बाईला एकदा घिऊन ये. मी बोलती तिच्यासंगं.’

त्या रात्री मी पुस्तक काढून पहिल्यापासून वाचलं. पहिल्या पानावर माझं लाडकं वाक्य आहे: गावातल्या घरांच्या कौलांवर पडलेल्या पावसाचं अर्धं पाणी पूर्वेकडच्या समुद्राला जातं, अर्धं पश्चिमेकडच्या. तीस वर्षं मी ते वर्गात ऐकवलं. पण त्या कौलांवर पडलेला पाऊस मी कधी पाहिलाच नव्हता. दुकानदारांपैकी कुणीच पाहिला नव्हता. मे संपत आला की अप्पा, म्हणजे माझे आजोबा, दुकानाला कुलूप लावत आणि आम्ही सगळे हुबळीला दाजीबानपेठेत काकांकडे उतरायचो. चार महिने वर व्यापार नाही, वाट नाही, नुसतं पाणी. दसरा झाला की परत वर. आमच्यासारखी दुकानदारांची सहा-सात घरं होती, सगळ्यांची हीच रीत.

आम्ही वर पोचलो की दुसऱ्या दिवशी सकाळी गवळणी लोण्याची मडकी घेऊन दारात. घरात सगळे म्हणायचे, ‘आले बघा गवळी.’ मेमध्ये आमची बांधाबांध सुरू झाली की त्या दिसेनाशा व्हायच्या. ‘गेले गवळी.’ मी हे ऐकत वाढले. पुढे लिहायची वेळ आली तेव्हा वडिलांना विचारलं, काकांना विचारलं. दोघांनीही तेच सांगितलं. सड्यावर जाऊन विचारावं असं मला सुचलंही नाही. डोंगरावरच्या गावाचा इतिहास मी दाजीबानपेठेतल्या कापडदुकानाच्या गादीवर बसून लिहिला, वर दोन वेळा आयता चहा घेऊन.

शनिवारी मी अळणावरपर्यंत बसने गेले. तिथून त्यांची जीप. गाव अजून तसंच लांबट, एका रस्त्याचं. आमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि वर सिमेंटचा मजला. मागचा फणस तेवढा आहे. सड्यावर जायला जीप चालत नाही. पाऊण तास चढताना मी तीनदा बसले, आणि एवढी चढण मी पुस्तकात ‘नजीकच’ म्हटली होती हे आठवून स्वतःवरच चिडले.

त्यांची आई, अक्का, अंगणात बसली होती. पंच्याऐंशीच्या आसपासची असेल, पण पाठ ताठ. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाली, ‘गुळाच्या खड्यासाठी रडायचीस ती तूच न्हवं?’

मी हो म्हटलं. मग सरळ माफी मागावी म्हणून तोंड उघडलं, तर तिने हात वर केला.

‘आदी मला सांग. तुमी खाली हुबळीला जायचा. चार म्हैनं घर बंद. हितला पाऊस तुला ठावं हाय?’

‘नाही,’ मी म्हटलं.

‘भितीला बुरशी, वाशाला बुरशी, मिठाच्या पोत्याचं पाणी. आठ दिस चूल पेटली न्हाई तर घर कुजतं. तुमचं घर कसं काय कुजलं न्हाई?’

साधा प्रश्न होता. सहावीतल्या मुलाने विचारावा असा.

‘मी यायची,’ अक्का म्हणाली. ‘दर आठ दिसांनी. माज्या आदी माजी सासू यायची, तिच्या आदी तिची सासू. समद्या दुकानांच्या चुली आमी वाटून घेतल्या व्हत्या. तुमची आमच्याकडं. किल्ली फणसाच्या ढोलीत. चूल पेटवायची, धूर घरभर फिरू द्यायचा, पोती हलवायची, कुलूप लावून परत वर. ह्यो,’ तिने मुलाकडे बोट दाखवलं, ‘ह्यो अंगावर पीत व्हता तवा पोटाशी बांधून आणायची. भिजलेला असायचा. तुमच्या चुलीम्होरं वाळवून घ्यायची.’

दर दसऱ्याला गाडीतून उतरल्यावर अप्पा आधी फणसाच्या ढोलीत हात घालून किल्ली काढत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मेमध्ये त्यांनीच ती तिथे ठेवली असेल असं मी समजत होते. आणि दुसऱ्या दिवशी लोणी घेऊन आलेल्या एका गवळणीला ते दुकानातलं नवं लुगडं देत. ते तर मी पुस्तकातही घातलंय: ‘येथील व्यापारी दानशूर होते.’

‘ते लुगडं…’ मी म्हटलं.

‘चार म्हैन्याच्या कामाचं,’ अक्का म्हणाली. ‘लाल काठाचं देत व्हते. बरे व्हते तुझे अप्पा.’

मग मला अकरावं पान आठवलं. मी पिशवीतून पुस्तक काढलं, चष्मा सापडेना म्हणून तिथेच अंगणात पिशवी उपडी केली, आणि तिला वाचून दाखवलं. ‘चार महिने कुलूपबंद असलेल्या घरात आम्ही पाऊल टाकीत असू, तेव्हा आत धुराचा उबदार वास असे आणि चुलीतली राख गरम असे. डोंगरावरची घरे आपल्या माणसांची अशी वाट पाहतात.’

हे वाक्य मी लिहिलं होतं. शाळेच्या समारंभात कुणीतरी ते माईकवरून वाचलं होतं आणि टाळ्या पडल्या होत्या. राख गरम होती! सात-आठ वर्षांची असताना मी तीत बोट घालून पाहिलं होतं, बोट पोळलं होतं. राख आपोआप गरम राहत नाही हे कळायला भूगोलाची पदवी लागत नाही. तरी मला कधी प्रश्न पडला नाही. त्या घरात कुणी येऊन गेलं असेल असं माझ्या मनातच आलं नाही, कारण आमच्याशिवाय तिथे कुणी राहतं हेच आम्ही धरलं नव्हतं.

‘गाडी घाट चढताना दिसली की मी वर निघायची,’ अक्का म्हणाली. ‘मालक आल्यावर आपण घरात कशाला.’

मी रडले. तिने मला ताक दिलं.

मंगळवारी तालुक्याच्या कचेरीत आम्ही तिघं एका बाकावर बसलो. अधिकारी तिशीतली मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. कन्नडमध्येच सगळं चाललं. मी उभं राहून सांगितलं की हे पुस्तक माझं आहे आणि तेविसाव्या पानावरचं खोटं आहे.

तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. ‘बाई, हे छापलेलं आहे. तुम्ही आता तोंडी सांगताय. मी कुठल्यावर विश्वास ठेवू?’

‘अकराव्या पानावर,’ मी म्हटलं, आणि ते कन्नडमध्ये सांगितलं. किल्ली, चूल, लुगडं, सासवा, सगळं. संपल्यावर ती म्हणाली, ‘हौदु, खरं. मग तुमचं कुटुंब त्या गावात कधी असायचं?’

‘दसऱ्यापासून मेपर्यंत.’

‘आणि त्याआधी यायचं कुठून?’

‘हुबळीहून.’

‘म्हणजे बाहेरून तुम्ही यायचात.’

ती टोमणा मारत नव्हती. नोंद करायची म्हणून विचारत होती. मी होय म्हटलं. तिने कागद पुढे सरकवला आणि म्हणाली, हेच तुमच्या हाताने लिहून द्या, मराठीत चालेल, कारकून भाषांतर करतील.

आयुष्यात मी पुष्कळ लिहिलं, पण त्या अर्ध्या पानाइतकं अवघड काही लिहिलं नाही. शेवटी जे जमलं ते तेविसाव्या पानावरचंच वाक्य होतं, फक्त माणसं बदलून. ‘आम्ही व्यापारी हे मूळचे येथील नव्हेत. दसऱ्यानंतर आम्ही बाहेरून येत असू आणि पावसाळ्यापूर्वी निघून जात असू. सड्यावरील गवळी बारा महिने येथेच होते.’ खाली सही. कारकुनाने ते कन्नडमध्ये मोठ्याने वाचलं. अक्का मान हलवत ऐकत होती, शाळेत पाठ म्हणून दाखवणाऱ्या मुलीचं ऐकावं तशी.

पुढे पाच महिने काहीच कळलं नाही. धारवाडात पाऊस लागला. दर आठ दिवसांनी मला वाटायचं, आज वर कुणी कुणाची चूल पेटवत असेल? आता तिथे दुकानदार बारा महिने राहतात, गॅसवर स्वयंपाक करतात. ती रीत केव्हाच संपली. तरी मला झोप लागत नसे. माळ्यावर उरलेल्या प्रती मी खाली काढल्या आणि एकेकीचं तेविसावं पान उघडून पेनाने दुरुस्त करत बसले. यजमानांनी एकदाही चेष्टा केली नाही.

नवरात्राच्या आधी फोन आला. मुलाचा होता. अर्ज मंजूर झाला होता. घर, गोठा, नाचणीचा तुकडा, सगळं अक्काच्या नावावर. तो म्हणाला, ‘थांबा, आईला बोलायचं हाय.’

फोनवर थोडी खरखर झाली. मग तिचा आवाज आला, सड्यावरच्या वाऱ्यात हाक मारावी तसा मोठा.

‘बाय, दसरा झाला की ये. माज्या घरची चूल पेटवून ठिवती. आवंदा गाडी दिसली तरी मी निघून जाणार न्हाई, हितंच बसून राहती.’