मुलीच्या नावाचं खातं

ती तक्रार आजही मनातून जात नाही. मी तेव्हा सोलापुरात सायबर पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होते. पुढे नोकरी सोडली.

तक्रारदार पुण्याहून आली होती, कडेवर सहा महिन्यांचं बाळ. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केल्यापासून सोलापुरातलं माहेर तुटलेलं. तिच्या नावानं, तिचाच फोटो लावून कुणीतरी खातं उघडलं होतं आणि इथल्या मैत्रिणींना निरोप जात होते. ते खातं बंद व्हावं, एवढंच तिला हवं होतं.

आमचे हवालदार म्हणाले, "मॅडम, असल्या केसमध्ये नाकारलेला पोरगाच असतोय." मलाही पटलं. तिचं ज्याच्याशी ठरलेलं लग्न मोडलं होतं, त्याला सात रस्ता चौकातल्या त्याच्या दुकानातून बोलावून दोन तास बसवलं. शेवटी तो म्हणाला, "तिचा एक फोटो जरी माझ्याकडं असता, तर मीच परत दिला असता की." त्याच्या मोबाईलमध्येही काही सापडलं नाही. आम्ही चुकलो होतो.

मी निरोप पुन्हा वाचले. धमकी नाही, घाण भाषा नाही. प्रत्येकीकडे एकच मागणी: आपण भेटलो तेव्हाचा फोटो पाठव. खात्यावरचा फोटोही अल्बममधला, चादरीवर ठेवून मोबाईलनं काढलेला. चादरीच्या कडेचे गोंडे अर्धेच बांधलेले होते. तो भाग मोठा करून तक्रारदाराला दाखवला. तिनं त्या गोंड्यांवर बोट ठेवलं.

"आई घरी चादरींना गोंडे बांधते," ती म्हणाली. पुढे कंपनीकडून खात्याला जोडलेला मोबाईल क्रमांक आला, तोही आईचाच निघाला.

आईला बोलावलं. दुसऱ्याची ओळख वापरण्याबद्दल कायदा काय म्हणतो, ते सांगितलं.

"नाव मीच ठेवलं की तिचं," ती म्हणाली. "मी कुटं काय चोरलं? तिला बघायला दुसरी वाटच न्हवती, मॅडम."

मुलीनं गुन्हा नोंदवायला नकार दिला. खातं मात्र बंद करायला सांगितलं. आईनं ते माझ्यासमोर बंद केलं. मग हळूच विचारलं, "एका फोटोत कडेवर बाळ दिसलं. नाव काय ठेवलंय?"

मुलगी शेजारच्या खोलीत होती. नाव सांगू का, असं मी जाऊन विचारलं. बाळाला थोपटत तिनं नकारार्थी मान हलवली.

ते नाव मला माहीत होतं. सकाळपासून ती बाळाला त्याच नावानं हाक मारत होती. ज्याची ओळख, त्याचाच तिच्यावर हक्क, हे मी प्रशिक्षणात पाठ केलं होतं. त्या दिवशी एका आजीसमोर बसून ते पाळावं लागलं. मी म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही." ती उठेपर्यंत मी कागदावरून मान वर केली नाही.