शुगर नसलेल्या माणसाची सायकल

आमच्या जळगावात नोकरीवाला माणूस सायकलवर दिसला की लोकांकडे दोन कारणं तयार असतात. एक, गाडी विकली. दोन, डॉक्टरने सांगितलं. त्याला मजा येत असेल, असं कोणी धरतच नाही.

माझी सायकल नवीन, पण दिसायला जुन्या वळणाची. बाटलीसारखा हिरवा रंग, रुंद तपकिरी सीट, पुढे वेताची टोपली, गोल दिवा. दुकानात बघितली आणि घेऊन टाकली. मोटरसायकल घरी चादर पांघरून झोपली आणि मी पिंप्राळ्यातून एमआयडीसीत, आमच्या डाळ मिलला, सायकलवर जायला लागलो.

मला नकला करायची खोड लहानपणापासून. शाळेत सरांची केली तर सर वर्गाबाहेर काढायचे, आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बोलावून हेडमास्तरांची करायला लावायचे. तर अशा माणसाने इतकी वर्षं हेल्मेटात डोकं घालून गावातून जायचं म्हणजे लग्नात जाऊन उपास करण्यासारखं. सायकलवर बसलो आणि गावाला आवाज फुटला. भरताची वांगी विकणारी बाई नाकातून ओरडायची, "बी नाही भाऊ, नुसतं लोणी." केळीचा ट्रक मागे घेणारा क्लीनर, "येऊ द्या, येऊ द्या, बास, अरे बास, गेलं आता." मी पुढच्या चौकापर्यंत तेच घोळवत पायडल मारायचो. अजिंठा चौफुलीवर सगळे एकमेकांना हॉर्न ऐकवत असले की उतरायचं, सायकल हातात धरून कडेने काढायची, आणि मोटारवाल्यांकडे बघून सभ्यपणे मान हलवायची. थंडीत मिल जवळ आली की भाजलेल्या हरभऱ्याचा वास आधी भेटायला यायचा. ऑफिसात पोचेपर्यंत माझा मूड असा, की मालक ओरडले तरी त्यांचा सूर पाठ करून घ्यायचो.

फक्त लोकांचे प्रश्न संपत नव्हते. एकदा मिलच्या वजनकाट्यावर धुळ्याचा एक ट्रकवाला म्हणाला, "का रे भो, गाडी इकी टाकी का?"

उत्तरं देऊन कंटाळलो होतो. मी चष्मा नाकाच्या टोकावर आणला आणि डॉक्टरचा आवाज काढला. "हे बघा, तुम्हाला शुगर निघाली आहे. साखर बंद, भात बंद. जळगावात राहता? केळी बंद. चालू काय, तर सायकल."

काट्यावरचे सगळे हसले. ट्रकवाला हसला नाही. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, "काळजी घे," म्हणाला आणि गेला.

त्याचं घर कुठे, तर धुळ्यात, माझ्या होणाऱ्या बायकोच्या गल्लीत.

आमचं जमलेलं होतं. पसंती झाली, नारळ दिला, फक्त तारीख धरायची राहिली होती. तिच्या घरात शब्द चालतो मोठ्या काकांचा. त्यांना सगळे आबा म्हणतात. दोन दिवसांनी दुपारी तिचा फोन आला.

"तुला शुगर आहे?"

"नाही ग. नक्कल होती ती."

"पूर्ण गल्लीला आहे म्हणून माहितीय. आबा उद्या सकाळी जळगावला येताय. कशाला, ते घरात कोणाला सांगत नाहीये."

"मोडायला?"

"मला काय माहीत. तू उद्या तोंड बंद ठेव. एक दिवस जमेल ना?"

मला ती मनापासून आवडली होती. माझ्या नकला ऐकून हसायची आणि नंतर कुठे चुकलं ते सांगायची. अशी माणसं रोज भेटत नाहीत. त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

सकाळी आईने शिरा केला. साखर अशी घातली होती की चमचा उभा राहिला असता. आबा आले, धोतर, टोपी, हातात पिशवी. मी त्यांच्यासमोर दोन बश्या शिरा खाल्ला. आई मोठ्याने म्हणत होती, "घे अजून, तुला काय होतंय?" आबा बघत होते. मग त्यांच्या पुढची बशी त्यांनी हळूच सरकवली.

"माले नको."

आईचा चेहरा उतरला. सोयरीक जमलेल्या घरचं गोड परत करायचं म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आबा उठले. म्हणाले, "चाल, तुनासंगे मिललोंग येस."

मी सायकल हातात धरून मिलच्या वाटेने चालत होतो, ते शेजारून. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की आता हा माणूस नारळ परत मागणार.

"डाक्टर कोनता शे तुना?" आबांनी विचारलं.

"कशाचा?"

"शुगरना." ते थांबले. मागे-पुढे बघितलं. "माले बी निंघनी. घरमा कोनले माहीत नही. गोळ्या खिसामा ठेवस. त्या ट्रकवालानी सांगं, पोऱ्या शुगर लिसन शिट्टी वाजाडत सायकलवर जास. माले तं रडू येस. मंग तू कसा हासस?"

मला हसूही येईना आणि खोटंही बोलवेना. तिने तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, पण ते काही जमलं नाही. "आबा, मला शुगर नाही. मी नक्कल केली होती."

"शुगर नही?"

"नाही."

"डाक्टर बी नही?"

"नाही."

"मंग सायकल कसाले?"

"मजा येते."

ते सायकलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दखाड ती नक्कल."

भर रस्त्यात मी चष्मा नाकावर आणला. "केळी बंद"ला पोचलो तेव्हा आबा हँडलला धरून हसत होते. टोपी काढून त्यांनी डोळे पुसले. "मना डाक्टर बी अस्साच बोलस रे."

जरा दम घेतल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "आते आईक. तारीख धराले बसनूत का पेढा येईच मोरे. तवळ सांगसू बठ्ठासले. तू मना शेजारी बस. मी रडनू तं हासाड."

मला तेवढ्यातलं 'तारीख' एवढंच ऐकू आलं. बाकीचं, म्हणजे पेढा पुढे आला की ते शुगरचं सगळ्यांना सांगणार आणि रडले तर मी हसवायचं, हे नंतर हळूहळू पोचलं. छातीवर कोणीतरी डाळीचं पोतं ठेवलेलं होतं, ते उचलून नेल्यासारखं वाटलं.

आबांनी पिशवी माझ्या हातात दिली, धोतर खोचलं आणि सायकल मागितली. मी आईला फोन लावला.

"आई, मोडलं नाही. तारीख धरताय."

आई म्हणाली, "मग शिरा का नाही खाल्ला त्यांनी? साखर कमी पडली होती का?"

तोवर आबा बरेच पुढे गेले होते. मी पिशवी सांभाळत मागे पळत सुटलो.