राईच्या पिंजऱ्याची कडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. एरवी स्वतःची फजिती रंगवून सांगायची मला भारी हौस — मेहुण्याच्या लग्नात भलत्याच कार्यालयात शिरून, आहेर देऊन, जेवून आलो, हे मी शंभरदा ऐकवलंय. पण ही गोष्ट ओठावर आली, की मी चहा मागवतो.

धायरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं. मी, बायको मेधा, पस्तीस किलोचा लॅब्रेडॉर पंत, आणि मेधाची ससुली — राई. आणली तेव्हा मुठीत मावत होती. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काका, पंत चावायचा नाही. पण त्याचं प्रेमसुद्धा पस्तीस किलोचं आहे. दोघांना एकत्र सोडू नका." मेधाने ऐकलं. पंत मोकळा असताना पिंजऱ्याची कडी लावलेलीच हवी — घरातला एकमेव नियम. मीही ऐकलं. ऐकून घेण्यात मी पहिल्यापासून हुशार.

मग झालं असं — छे, 'झालं' कसलं? मीच केलं. सकाळी टेकडीवर येणाऱ्या मंडळींत मी फुशारकी मारली होती, की आमच्याकडे कुत्रा आणि ससा एका ताटात जेवतात. त्यावर एक निवृत्त मास्तर शांतपणे म्हणाले, "असं? मग फोटो टाका की ग्रुपवर." पुण्यात इतक्या शांतपणे कुणी काही म्हटलं, तर माणूस गप्प बसेल का?

रविवारी मेधा भाजीला गेली. मी ताटली मांडली — एका बाजूला पोळी, दुसऱ्या बाजूला कोथिंबीर. कडी काढली. राई आली, खाऊ लागली. पंतही शहाण्यासारखा बसला. मी मोबाइल आडवा धरला — आणि पंतला मायेचा उमाळा आला. त्याने पंजा ठेवला. नुसता ठेवला हो. ससा ओरडतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पंतला ओढून बाल्कनीत कोंडलं, ताटली धुतली. होय — आधी ताटली धुतली. तेवढ्यात मेधा आली. राई कोपऱ्यात, मागचा पाय वाकडा, पिंजरा सताड उघडा. हातातली पिशवी तशीच धरून ती म्हणाली, "अहो, कडी मी लावली नव्हती का?"

खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "असू दे गं. होतं असं."

म्हणजे — मी तिला माफ केलं!

राई वाचली. पाय जरा ओढते, पण कोथिंबिरीच्या वासाला अजून सगळ्यांच्या आधी हजर. पंत म्हातारा झालाय, जाळीपलीकडून तिच्याकडे बघत लोळतो. आमचं घर सुखी आहे — खरंच आहे. मेधा माहेरी सांगते, "ह्यांनी मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही." सासूबाई मला एक पोळी जास्त वाढतात. मी खातो.

पाच वर्षं झाली. बाहेर निघालो, की मेधा लिफ्टपासून परत जाते, कडी बघून येते. कालही गेली. मी लिफ्टचं दार धरून उभा.

"लावलेली होती," ती परत येऊन म्हणाली, जरा ओशाळून.

"असू दे गं," मी म्हणालो.