लेकीची हनुवटी

तेर गावात सगळे त्यांना नुसतं पेंटर म्हणतात. त्यांची काळ्या रानाची चित्रं पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत लागतात, पण गावाला त्याचं काही नाही. गाव त्यांच्याकडं जातं ते मेलेल्या माणसाचं चित्र काढून घ्यायला.

फोटो म्हणून बहुतेकांकडं आधार कार्डावरचाच असतो आणि त्यात माणूस ओळखूच येत नाही. म्हणून पेंटर घरच्यांना समोर बसवतात आणि एकेकाच्या चेहऱ्यातून एकेक गोष्ट उचलतात. माझ्या वडिलांच्या वेळी त्यांनी माझी मान उजेडाकडं वळवली. "हालू नका. कान तुमच्यात उतरलाय." नाक आत्याचं घेतलं. चित्र घरी आणलं तेव्हा आईनं चटकन डोक्यावर पदर घेतला.

परवा गेलो तर त्यांच्या बायकोचं चित्र भिंतीला टेकवलेलं होतं. काकू जाऊन वर्ष झालं. कुंकू, डोळे, नाकातली चमकी, सगळं जमलं होतं. ओठांखाली मात्र कॅनव्हास कोरा.

"चाळीस वर्षं समोर होती," पेंटर म्हणाले, "पर म्या नीट बघितलंच न्हाय. हनुवटी लेकीत उतरलीय."

लेकीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं म्हणून त्यांनी तिला घर बंद केलं होतं. आईच्या मातीलासुद्धा येऊ दिलं नव्हतं.

"बोलवा की तिला," मी म्हटलं.

त्यांनी धुतलेलाच ब्रश परत धुवायला घेतला.

"ती यील वो. समोर बसंल बी. पर म्या तिच्याकडं बघू कसा?"