भिंतीपासून एक वीत

१४ जानेवारी २०२५, मंगळवार. सकाळी उणे सहा. नंतर ऊन, वारा नाही. दाराजवळची चळत काल संपली. आज मागच्या चळतीतली पहिली पिशवी फोडली. पावणेअकराला शेगडी बंद पडली. दोरिनो येऊन गेला. कॉफी दोघांची.

एर्सिलियाच्या वहीत त्या दिवसाची एवढीच नोंद आहे. नन्सच्या शाळेत सिस्टर गाउदेन्झिया मुलींना सांगत, घडलं तेवढं लिहा. वाटलं ते देवाला सांगा, त्याला वही लागत नाही. एर्सिलियाने बासष्ट वर्षं ते पाळलं होतं. म्हणून शेगडी बंद पडल्यावर तिने वरचं झाकण उघडून आत हात घातला, मूठ बाहेर काढली, आणि मग तिला जवळच्या बाकावर बसावं लागलं, हे वहीत नाही.

मुठीत लगदा होता. घर ऊबदार ठेवायला शेगडीत जळणाऱ्या, लाकडाच्या भुशाच्या त्या कांड्या, बोटाच्या पेराएवढ्या, काचेसारख्या चकचकीत असायला हव्या होत्या. मोडल्या की कट्‌ आवाज व्हायला हवा होता. या फुगून निस्तेज झाल्या होत्या, चिमटीत धरल्या की भिजल्या पावासारख्या सुटत होत्या.

दोरिनो पलीकडच्या घरात राहायचा. तिच्या नवऱ्याबरोबर, डुइलियोबरोबर, तीस वर्षं पत्ते खेळलेला माणूस. त्याने गुडघे टेकून शेगडीच्या पोटातला स्क्रू फिरवून पाहिला.

"एर्सिलिया, हे इंधन आहे का सकाळची मक्याची पोलेंटा? चमचा दे, खातो."

"चेष्टा पुरे. निघेल का ते?"

"निघेल. पण पुढची पिशवी अशीच असली तर उद्या परत मला गुडघ्यावर बसवशील. चर्चमध्येसुद्धा मी इतका बसत नाही."

तिच्या मनात एकच विचार होता, मागच्या सगळ्या पिशव्या अशा असल्या तर.

कारण त्या पिशव्या म्हणजे तिचा हिवाळा होता. नोव्हेंबरच्या नऊ तारखेला डुइलियो गेला. माती देऊन सगळे परत आले तेव्हा लोरेदानाने, तिच्या मुलीने, स्वयंपाकघरातच विषय काढला होता. "आई, तू उदिनेला माझ्याकडे चल. तिसरा मजला असला तरी लिफ्ट आहे. नुसतं बटण फिरवलं की घर गरम. इथे एकटी, बर्फातून त्या गोठ्यात उतरणार, पिशव्या ओढणार, पडलीस तर दोन दिवस कुणाला कळायचं नाही." लोरेदाना वाईट बोलत नव्हती. तिचे डोळे सुजले होते. शेवटी तीच म्हणाली, "बरं. बाबांनी भरून ठेवलंय तेवढं जाळ. बाबांच्या पिशव्या संपल्या की मी न्यायला येणार. नवीन माल मागवायचा नाही, तो रचायला आता कोणी नाही."

एर्सिलियाने मनात हिशेब केला होता. दोन चळती, सत्तर-सत्तर पिशव्यांच्या. दिवसाला एक. मार्चअखेर पुरतील. एप्रिलमध्ये शेगडी लागत नाही, वाफे खणायचे असतात, आणि उन्हाळ्यात म्हाताऱ्या आईला डोंगरावरून खाली न्यायला कोणाला कारण सुचत नाही. हिवाळा काढला की घर राहिलं.

पिशवी ती उचलत नसे. गोठ्यातच फोडायची, गाईच्या वेळची दुधाची बादली अर्धी भरायची, आणि सात पायऱ्या चढून वर आणायची. असे दिवसाला चार फेरे. गोठ्यात गाई नव्हत्या, त्याला वीस वर्षं झाली. दगडी कमान, चुना दिलेल्या भिंती, मागची भिंत तर डोंगराचाच कातळ. गाय बांधायची लोखंडी कडी तेवढी राहिली होती, आणि त्या कडीत डुइलियोचे चामडी हातमोजे खोचलेले होते. ते तिने हलवले नव्हते.

बुधवारी दोरिनोने मागची चळत उतरवायला घेतली. वरच्या दोन रांगा, आदल्या दिवशी फोडलेली भिंतीलगतची एक पिशवी सोडली तर, ठीक निघाल्या. पुढच्या बाजूच्याही काही. पण भिंतीकडच्या आणि तळच्या पिशव्या हाताला जड लागत होत्या, कोपऱ्यात दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या. पिशवी आतून घामेजलेली.

"बंद पिशवीत पाणी शिरलंच कसं?" एर्सिलियाने विचारलं.

"बंद कुठली. हवा निघावी म्हणून बारीक भोकं असतात, हे बघ, सुईच्या टोकाएवढी. निघते तशी शिरतेपण." त्याने कातळाच्या भिंतीवर तळवा ठेवला आणि ओला तळवा तिला दाखवला. "पण डुइलियो भिंतीला टेकवून रचणारा नव्हे. माझी चळत टेकलेली दिसली तर मला शिव्या घालायचा. म्हणायचा, भिंतीला नाक आहे, ते दाबू नका. दर वर्षी वीत मोजायचा. या वर्षी काय झालं त्याला?"

दोरिनोनेच स्वतःला उत्तर दिलं. "दमला असेल बिचारा. आजार तेव्हाच आत असणार."

चांगल्या पिशव्या निघाल्या त्या एकूण बावीस.

त्या दुपारी एर्सिलियाने कपाटातून मागची वही काढली. तिला शोधावं लागलं नाही. पान कुठलं ते तिला गोठ्यातच आठवलं होतं, फक्त आपल्याला चुकीचं आठवत असावं अशी तिची इच्छा होती.

२४ ऑगस्ट, शनिवार. पिशव्या आल्या. डुइलियोने रचल्या, सकाळी एक चळत, दुपारी एक. मागची चळत भिंतीपर्यंत सरकवायला सांगितली, कपड्यांची दोरी बसत नव्हती. नको म्हणाला. मग सरकवली. पाचला पाऊस. रात्री चीज-बटाट्याचा फ्रिको.

'नको म्हणाला. मग सरकवली.' या चार शब्दांमध्ये एक अख्खी दुपार होती. तो घामाने निथळत उभा होता, हातमोजा काढून बोटं पसरून तिला दाखवत होता की एवढी जागा पाहिजे. ती म्हणाली होती, "दर वर्षी तुझी ती वीत. या वर्षी माझी दोरी." आणि तो हसला होता. त्याला खोकला आला होता. मग खांद्याने रेटून त्याने एकेक रांग मागे ढकलली. त्याने काही आणखी वाद घातला असता तर बरं झालं असतं, पण त्या महिन्यात तो वाद घालेनासा झाला होता, आणि ते तिला सोयीचं वाटलं होतं.

तिने पानं उलटली. सप्टेंबरमध्ये त्याची खाट स्वयंपाकघरात शेगडीजवळ आणली. डॉक्टरांनी सांगितलं, याच्या छातीला ओलसर हवा नको, इथे कपडे वाळवू नका. तेव्हापासून रोजची ओळ. चादरी दोन, टॉवेल तीन, गोठ्यात. चादरी तीन, सदरा एक, गोठ्यात. ऑक्टोबर. चादरी चार, गोठ्यात. आठ नोव्हेंबरपर्यंत एकही दिवस सुटला नव्हता. अडुसष्ट दिवस त्याचं अंथरूण त्या दोरीवर, त्याच्याच हातच्या चळतीसमोर ठिबकत होतं. तिने त्याच्या फुफ्फुसाजवळून ओल दूर नेली होती ती इथे आणून ठेवली होती.

तिने वही मिटली. रडू आलं नाही. शेगडीत घालायला चांगल्या पिशवीतली अर्धी बादली आणली.

शुक्रवारी दोरिनो पुन्हा आला, टोपी हातात घेऊन, म्हणजे काहीतरी बोलायचं होतं.

"माझ्याकडे चाळीस जास्तीच्या आहेत. मी एकटा, मला एवढं कुठे लागतंय. आणून टाकतो."

"लोरेदाना दर रविवारी आकडा विचारते."

"मग सांग आकडा. ती काय फोनमधून पिशव्यांवरची नावं वाचणार आहे? डुइलियोनं माझ्याकडून पत्त्यांत किती जिंकलंय, समज त्यातलंच परत आलं."

"तुझ्याकडून जिंकायला तुला खेळता कुठे येत होतं."

"म्हणूनच तर बरंच साठलंय."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी. त्याला तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दोन रात्री तिने तो विचार जवळ ठेवला, गरम विटेसारखा.

रविवारी दोन वाजता फोन आला. उदिनेत धुकं होतं. नातीची परीक्षा होती. मग लोरेदानाने विचारलं, "किती राहिल्या गं आई?"

एर्सिलियाने खिडकीतून दोरिनोच्या धुराड्याकडे पाहिलं. "अठरा."

"अठरा? साठाच्या वर असायला हव्यात ना?"

"मागच्या चळतीला ओल लागली. भुसा झाला त्यांचा."

लोरेदाना हळू आवाजात म्हणाली, "बाबांच्या हातून झालं ते. मला ऑगस्टमध्येच वाटलं होतं, त्यांचं लक्ष नव्हतं. कारची किल्ली दोनदा विसरले. तू मनाला लावून घेऊ नकोस. त्या अवस्थेत ते कसे रचणार नीट."

इथे गप्प बसता आलं असतं. लोरेदाना आईवर चिडली नव्हती, वडिलांवरही नाही. मेलेल्या माणसावर एक लहानशी चूक टाकली तर त्याचं काही बिघडत नव्हतं. आणि आई अजून पक्की आहे, तिचं डोकं जागेवर आहे, हे मुलीच्या मनात तसंच राहिलं असतं. कदाचित तिनेच म्हटलं असतं, दोरिनोकाकांना विचार थोड्या पिशव्या देतात का.

"त्याने नीटच रचल्या होत्या," एर्सिलिया म्हणाली. "वीतभर जागा सोडून. मी सरकवायला लावल्या. दोरीसाठी. आणि मग दोन महिने ओल्या चादरी तिथेच वाळत घातल्या. वहीत आहे."

"आई."

"तो नको म्हणाला होता. तेही आहे वहीत."

फोनमध्ये नाक ओढल्याचा आवाज आला. मग लोरेदाना म्हणाली, "चादरींचं तू काय करणार होतीस दुसरं." आणि मग, "तरी आई, हे असं एकटीनं... पुढच्या वेळी शेगडीचंच काही झालं तर."

"हो."

"अठरा म्हणजे पाच-सहा फेब्रुवारी. मी आठला येते, शनिवारी. गाडी मोठी आणते, तुझ्या वह्या बसतील अशी."

"बरं."

"रागावलीस?"

"नाही गं. जेवलात का?"

उजेड जायच्या आत तिने दोरिनोला बोलावलं. चाळीस पिशव्या आणू नकोस म्हणाली. त्याने टोपी घातली फक्त. भिजलेल्या पिशव्यांतला भुसा त्याने पायऱ्यांवरच्या बर्फावर आणि वर डुइलियोच्या कबरीकडे जाणाऱ्या चढावर पसरला होता, त्यावरून आता पाय घसरत नव्हता. उरलेला त्याच्या कोंबड्यांखाली गेला. मग त्याने कोरड्या फळ्या आणल्या आणि अठरा पिशव्या त्यावर रचायला घेतल्या. एर्सिलियाने कडीतून डुइलियोचा एक हातमोजा काढला, त्याची बोटं पसरली, अंगठा कातळाला टेकवला.

"अजून पुढे घे."

"अगं, पंधरा-वीस दिवसांत जळून जायच्यात. आता कसली वीत?"

"पुढे घे, दोरिनो."

त्याने पुढे घेतल्या. करंगळीचं टोक पहिल्या पिशवीला लागलं तेव्हा ती थांब म्हणाली. हातमोजा तिने परत कडीत खोचला.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी उणे चार, दिवसभर ढग. लोरेदानाचा फोन. ती आठला येणार. दोरी काढली. गोठा झाडला. अठरा पिशव्या फळ्यांवर रचल्या. भिंतीपासून अंतर डुइलियोची एक वीत, म्हणजे माझी सव्वा.