मामा टेकत नाहीत

कडावच्या माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, यांना आजवर कुठेही धड बसलेलं कोणी पाहिलेलं नाही. जेवायला बसले तरी एक गुडघा वरच, उठायच्या तयारीत. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. मामांना घाई एवढी की ते उंबऱ्यावर पाऊल ठेवतानाच 'येतो हां' म्हणून टाकतात. माणूस आला की निघाला, समोरच्याला कळत नाही. लोधिवलीच्या विहीणबाई त्यांचं 'येतो' ऐकून चहा टाकायला आत वळल्या, आणि कप घेऊन बाहेर येतात तो मामा शिळफाट्याच्या टेंपोत चढलेले. विहीणबाईंनी ते मनात धरलं. मामांना विचारलं तर म्हणाले, "गेलतो की मी! भेट झाली, आजून काय पायजे?"

गावामागच्या टेकडीची वाट तशी सोपी. ऐनाच्या सावलीतून, करवंदं तोडत, रमतगमत गेलं तरी अर्ध्या तासात माथा. वर सपाट कातळ आहे. तिथून नदी, भातखाचरं, सगळा मुलूख दिसतो, आणि नीट न्याहाळलं तर आत्याचं माहेर, म्हणजे आमचं घरसुद्धा. पण मामांबरोबर रमतगमत कसलं! आम्ही धापा टाकत कातळ गाठावा, तोवर हे वरच्या शेंदऱ्या देवाला 'येतो' म्हणून उतरायला लागलेले. "लगीन झाल्यापास्नं येतेय हितं," आत्या म्हणायची, "पन म्हायेर काय डोळं भरून बघू दिलं नाय ह्यांनी." ती हसत म्हणायची, तरी मला वाईट वाटायचं.

यंदा आत्याचे गुडघे गेले आणि डॉक्टरांनी चढ कायमचा बंद केला. ती तक्रार करत नव्हती, नुसती पडवीत बसून टेकडीकडे बघायची. मामांची मात्र आत-बाहेर, आत-बाहेर अशी येरझार वाढली. एका रविवारी मला म्हणाले, "चल रं. तुजा फोन घे."

वर पोचल्यावर त्यांनी मला आत्याला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि फोन स्वतःच्या हातात घेतला. पण उभ्या जागी स्थिर राहतील तर ते मामा कसले! या पायावरून त्या पायावर चाललेलं. फोनातून आत्या ओरडली, "अवो, हलू नका! समदं पळतंय!"

मामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चक्क कातळावर बसले. दोन्ही कोपरं गुडघ्यांवर रोवली. "आता गं?"

"हां. आता दिसतंय."

दिसत काय असणार, कौलांचा एक लाल ठिपका. पण आत्या फोन ठेवेना आणि मामाही उठेनात. शेवटी मीच कंटाळून म्हणालो, "निघायचं का, मामा?"

"थांब रं," ते हळूच म्हणाले, "बघतेय ती."

त्यांचा हात भरून आला होता, पण फोन हलला नाही.