एफीचं नाक आणि चार नंबरचा ग्लास

मी किन्लोरी गावच्या शाळेत शिकवायला आले तेव्हा एफी दहा वर्षांची होती. वहीवर नाव घालायला मुलं विसरायची, आणि अशा बिननावाच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन मी वर्गात उभी राहिले की एफी पुढे यायची. एकेक वही नाकाशी धरायची आणि वाटून टाकायची. ही बेकरीवाल्यांच्या पोराची, हिला मेंढ्या धुवायच्या औषधाचा वास येतोय म्हणजे वरच्या वाडीची, ही मिसेस रिअककडची, त्यांच्या स्वयंपाकघरात कोबी नेहमी करपतो. एकदाही चुकली नाही. स्वतःची वही मात्र तिला कधी ओळखता आली नाही. शेवटी एक उरायची, तेव्हा ती म्हणायची, "उरली ती माझी, बाई."

पुढे ती गावातल्या व्हिस्कीच्या डिस्टिलरीत, कॅन्टीनमध्ये कपबशा धुवायला लागली. मॅनेजरच्या खोलीतून आलेले रिकामे ग्लास विसळायच्या आधी ती त्यांचा वास घेते, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. मग व्हिस्की पारखायच्या चाचणीच्या टेबलावर एक माणूस कमी पडला तेव्हा तिला बसवलं, आणि त्या खुर्चीवर ती तीस वर्षं बसली. चाचणी सकाळी अकराला, जेवणाच्या आधी. त्या दिवशी एफी बिनवासाच्या साबणाने हात धुणार आणि न्याहारीला नुसती मीठ घातलेली ओट्सची लापशी खाणार. ग्लास निळे, म्हणजे रंग बघून कोणी फसू नये. ग्लासाखाली फक्त नंबर. आधी नुसता वास, मग चमचाभर पाणी घालून पुन्हा वास, मग एक घोट, आणि तोही बहुतेक वेळा थुंकून बादलीत.

गावाच्या मासिक पत्रकात तिचे शेरे छापायचे हे माझं काम. टाइप करताना मी स्पेलिंग सुधारायची, शब्दांना हात लावायची नाही. मोठ्या शहरांतले जाणकार व्हिस्कीत आंबे आणि चंदन हुंगतात म्हणे. एफीच्या शेऱ्यात आमचं गाव असायचं. 'शनिवारी धुतलेला चर्चचा जिना.' 'पोस्टमनची कातडी पिशवी, आत एक सफरचंद विसरलेलं.' लोक पत्रक उघडून आधी तेच वाचायचे.

एफीचा नवरा डॉड शँड डिस्टिलरीत पिंपं बांधायचा. बोलायला कमी, हाताला पक्का. निवृत्तीच्या आठवड्यात त्याने एक शेवटचं पिंप स्वतःसाठी म्हणून बांधलं, सगळ्या फळ्या एकेक निवडून. मिसेस ड्युगिड तेव्हा नुकत्याच मॅनेजर झाल्या होत्या. त्यांनी ते भरून घेतलं आणि शब्द दिला: बारा वर्षांनी चाचणीत पास झालं, तर डॉडच्या नावाची चिठ्ठी लावून गावासाठी बाटल्या भरू. नापास झालं तर मात्र मोठ्या टाकीत, बाकीच्या शेकडो पिंपांबरोबर, बिननावाचं. डॉडने एवढंच मागून घेतलं की बारा वर्षं बूच कुणी काढायचं नाही. दर रविवारी तो गोदामाच्या भिंतीपर्यंत फिरायला जायचा आणि परत यायचा.

बारा वर्षं झाली. त्या मार्चमध्ये सहा पिंपांतून, बूच न काढता, बाजूला बारीक भोक पाडून नमुने काढले आणि सहा ग्लास मांडले. चार नंबरवर एफीने लिहिलं ते असं: 'सुरुवातीला मध आणि भाजलेलं सफरचंद, उत्तम. मग कपाटाचा एक खण उघडतो. लग्नानंतर तो कुणी उघडलेला नाही. डांबराच्या गोळ्या, सुकलेली लव्हेंडर, कुणीतरी जपून ठेवलेलं कापड. माणसं भली असणार, पण खण बंद ठेवावा. नापास.'

टेबलावरचे बाकी तिघेही तेच म्हणाले, फक्त कमी शब्दांत. मग मिसेस ड्युगिडनी नंबरांची वही उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. चार नंबर म्हणजे डॉडचं पिंप.

त्यांनी दार लावून घेतलं आणि एफीला म्हणाल्या की आपण उद्या पुन्हा बघू, कधी कधी नाक थकलेलं असतं. एफीने ग्लास पुन्हा हुंगला आणि खाली ठेवला.

"नाकाला नवरा नसतो, मॅडम," ती म्हणाली. "आहे तसंच राहू द्या."

मला तिने सांगितलं की शेरा छापा, दर महिन्याला छापता तसाच. मी छापला. पिंप कुणाचं ते त्यात नव्हतं, पण दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. बेकरीत एफी शिरली की बोलणं थांबायचं. गोदामाचा मुकादम रिअक तर तिच्या तोंडावर म्हणाला, "चाळीस वर्षं ज्याच्या हातचा चहा पितेस, त्याला एक 'पास' देता आला नाही?" एफी म्हणाली की चहालाही तिने कधी खोटं चांगलं म्हटलेलं नाही, डॉडला विचार.

पण डॉडला कोण विचारणार? तो दिवसभर मागच्या शेडमध्ये बसायचा. त्याचं दुःख एकच होतं: कुठली तरी फळी आपण चुकीची निवडली, चाळीस वर्षांच्या कामावर शेवटी हा डाग.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. एफी बटाटे सोलत होती. डॉड शेडमधून आला, टोपी काढून बसला. चष्मा सापडत नाही म्हणाला.

"बाई, पत्रकातलं ते खणाचं जरा वाचता?"

मी वाचलं. "कापडाचं पुन्हा एकदा," तो म्हणाला. मी तेवढं पुन्हा वाचलं. त्याचे कान लाल झाले. तो उठला, झोपायच्या खोलीत गेला, आणि कपाटाचा सगळ्यात खालचा खण कुरकुरत उघडल्याचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एफीच्या आईने लग्नात दिलेला लिननचा टेबलक्लॉथ होता, घडीसुद्धा न मोडलेला. त्याने तो उलगडला. बरोबर मधोमध तळहाताएवढा चौकोन कापलेला होता.

पिंपाचं बूच ठोकताना खाली गोणपाटाचा तुकडा घालतात, म्हणजे ते घट्ट बसतं. डॉडने आयुष्यभर गोणपाटच घातलं. आपल्या शेवटच्या पिंपाला मात्र त्याला गोणपाट हलकं वाटलं. घरातलं सगळ्यात चांगलं कापड कुठलं, तर हे. तू कधी उघडतच नाहीस, तो एफीला म्हणाला, तुला कळणार नाही असं वाटलं.

एफीने सुरी खाली ठेवली, हात पुसले, कापड नाकाशी नेलं.

"मी रोज याच्यापासून चार हातांवर झोपते, तरी वास ओळखला नाही," ती म्हणाली. मग डॉडकडे बघून, "कडेचा कापायचा होतास की रे. मधोमध कशाला?"

"कडेला तुझ्या आईने भरतकाम केलंय," डॉड म्हणाला.

फळ्यांचा दोष नव्हता, हे त्याला त्या क्षणी उमगलं असावं. त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि तसाच मिसेस ड्युगिडकडे गेला. रिअकने बूच काढलं, त्याखालचं कापड पिंपातल्या दारूने तपकिरी झालेलं निघालं, आणि त्या जागी डॉडने स्वतः गोणपाट ठोकलं. मिसेस ड्युगिडनी दीड वर्ष मुदत दिली. नंतर पुन्हा तशीच चाचणी, निळे ग्लास, नुसते नंबर.

दीड वर्षाने एफीने दोन नंबरवर लिहिलं: 'मध, भाजलेलं सफरचंद, नवी करवतलेली लाकडं. खण कुणीतरी बंद केला आहे. अगदी शेवटी लव्हेंडरची एक काडी राहिली आहे, ती राहू द्यावी. पास.' मिसेस ड्युगिडनी वही उघडेपर्यंत ती हात मांडीवर ठेवून बसली होती, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

बाटल्या गावच्या हॉलमध्ये उघडल्या. टेबलावर एफीने तोच टेबलक्लॉथ अंथरला होता, चार दिवस दोरीवर वारा दिलेला, आणि पहिली बाटली मधोमध उभी केली होती. डॉड कोटाची बटणं लावून एफीच्या शेजारी उभा होता. रिअकने बाटली उचलून सगळ्यांचे ग्लास भरले. मग त्याने आ वासून बाटलीखालच्या त्या कापलेल्या चौकोनाकडे पाहिलं.

"ओतलीस ना?" एफी म्हणाली. "मग ठेव जागेवर."